नवे लिथियम सेल बसवल्यावर घरी जुळवलेल्या लॅपटॉपची टक्केवारी चुकते: कॅलिब्रेशन नक्की कसं करायचं?

चाफा
घरी जुळवलेला लॅपटॉप आहे. मालिकेत आठ १८६५० सेल, लिथियम आयर्न फॉस्फेटचे (पुढे एलएफपी म्हणते), प्रत्येकी १८०० एमएएच. मोजणी एका मायक्रोकंट्रोलरकडे आहे. शंटमधून (करंट मोजण्यासाठी वाटेत जोडलेला अगदी छोटा रोधक) गेलेला करंट तो सतत मोजतो आणि बेरीज-वजाबाकी करून टक्केवारी दाखवतो. प्रत्येक सेलचा व्होल्टेजही वेगळा वाचता येतो.

आठही सेल बदलले. त्यातले दोन टेस्टरवर पूर्ण भरून, रिकामे करून, पुन्हा भरून तपासले. १७८० आणि १७९५ एमएएच भरले. बाकीचे सहा त्याच खोक्यातले, थेट बसवले. बसवताना सगळे ३.२७ ते ३.३६ व्होल्टच्या दरम्यान होते.

आता ४०% दाखवत असताना मशीन ताडकन बंद होतं. चार्जिंगला लावलं की ७५%ला चार्जर थांबतो. पूर्ण रिकामी करून पूर्ण भरली की कॅलिब्रेशन होतं असं सगळीकडे वाचलं, तसं दोनदा करून फरक नाही. नेमका क्रम काय? आणि पूर्ण रिकामी केल्याने सेल खराब होतात का?

रात्रपाळी
पूर्ण रिकामी करू नका. लिथियमला ते सोसत नाही. ८०% ते २०% मध्येच वापरा, टक्केवारीकडे दुर्लक्ष करा.

मिलीव्होल्ट
टक्केवारीकडे दुर्लक्ष करून चालेल, पण ४०%ला मशीन बंद पडतंय त्याकडे कसं करणार?

चाफा, तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. ७५%ला चार्जर थांबतो, ४०%ला मशीन मरतं. म्हणजे वापरायला मिळतात ३५%. १८०० च्या ३५% म्हणजे ६३० एमएएच. टक्केवारी नुसती सरकलेली असती तर वरून-खालून मिळून १००% भरली असती, फक्त आकडे चुकीचे दिसले असते. इथे खरोखरच ६३० एमएएचच आत-बाहेर होताहेत. नव्या सेलची क्षमता एवढी कमी नसते. तेव्हा हा कॅलिब्रेशनचा प्रश्न नाही. पॅक असंतुलित आहे.

दोन सेल तुम्ही पूर्ण भरून बसवलेत. उरलेले सहा कारखान्यातून येतात तसे अर्धवट भरलेले, तुमच्या हिशोबाने ३५%च्या आसपास. डिस्चार्ज करताना ते सहा आधी संपतात, तेव्हा भरलेल्या दोघांत अजून ६५% शिल्लक असतं. चार्ज करताना ते दोघे आधी ३.६५ला पोचतात आणि संरक्षण सर्किट चार्जिंग तोडतं, तेव्हा सहा जण ३५%वरच असतात. मालिका म्हणजे एका दोरीने बांधलेले आठ गिर्यारोहक. पहिला दमला की सगळे थांबले.

चाफा
पण बसवताना व्होल्टेज तर जवळपास सारखे होते. जास्तीत जास्त ९० मिलीव्होल्टचा फरक.

शून्य_ओहम
एलएफपीमध्ये ९० मिलीव्होल्ट म्हणजे प्रचंड फरक. याच ठिकाणी बहुतेक जण अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या लिथियम-आयन सेलचा (निकेल-मँगनीज-कोबाल्ट, ४.२ व्होल्टवाला) आराम दिलेला व्होल्टेज ४०% आणि ७०% या दोन ठिकाणी दोनशेच्या आसपास मिलीव्होल्टने वेगळा असतो. त्यामुळे व्होल्टेज पाहून अंदाज बांधता येतो. एलएफपीचा तोच फरक जेमतेम ३०-४० मिलीव्होल्ट. मधला सगळा भाग सपाट. वर भर म्हणजे चार्ज करून थांबलात की डिस्चार्ज करून थांबलात यावर त्याच टक्केवारीला व्होल्टेज काही मिलीव्होल्ट वेगळा येतो. लोड चालू असेल तर आतल्या रोधामुळे आणखी खाली. साध्या मल्टिमीटरवर मधल्या भागातली टक्केवारी कळत नाही. एलएफपी खरं बोलतो ते फक्त दोन टोकांना: भरत आल्यावर ३.४५च्या पुढे व्होल्टेज झपाट्याने चढतो आणि संपत आल्यावर ३.१च्या खाली झपाट्याने उतरतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, एलएफपी सेल जुळवायचे तर भरलेल्या टोकाला जुळवायचे, मधे नाही. दोन, टक्केवारीसाठी करंटची बेरीज (कूलोंब मोजणी) लागतेच, आणि ती बेरीज अधूनमधून टोकाला नेऊन दुरुस्त करावी लागते. कॅलिब्रेशन म्हणजे ही दुरुस्ती. त्यात सेलमध्ये काहीही बदलत नाही, बदलतो तो हिशोब.

तांब्याची_तार
+१. ताळा करायचा असेल तर: चार्जर थांबतो त्या क्षणी आणि मशीन बंद पडायच्या जरा आधी आठही सेलचे व्होल्टेज लिहून काढा. मिलीव्होल्ट म्हणतात तसं असेल तर पहिल्या यादीत ते दोनच सेल ३.६च्या वर दिसतील, दुसऱ्या यादीत तेच दोन ३.३च्या आसपास आणि बाकीचे कोसळलेले.

रात्रपाळी
मग सोपं आहे की. कंट्रोलरमध्ये बॅलन्सिंग असेलच. चार्जरला दोन दिवस लावून ठेवा, आपोआप जुळतील.

मिलीव्होल्ट
आकडा मांडून बघू. पॅसिव्ह बॅलन्सिंग म्हणजे जास्त भरलेल्या सेलवर रोधक जोडून जादा ऊर्जा उष्णतेत घालवणं. ३३ ओहमचा रोधक असेल तर ३.६ व्होल्टला करंट सुमारे ११० मिलिअँपिअर, उष्णता ०.४ वॅट. तफावत आहे ६५%, म्हणजे ११७० एमएएच. अखंड बॅलन्सिंग चाललं तर ११ तासांच्या आसपास.

पण ते अखंड चालत नाही. बरीच फर्मवेअर (कंट्रोलरमध्ये भरलेला प्रोग्रॅम) सेल ठरावीक व्होल्टेजच्या वर असेल तेव्हाच रोधक जोडतात. तो सेल थोडा उतरला की रोधक सुटतो, चार्जर चालू होतो, तो सेल पुन्हा चढतो, चार्जर तुटतो. असं मागे-पुढे करत दिवस जातात आणि तेवढा वेळ ते दोन सेल ३.६ला टेकून राहतात. नव्या-जुन्यातली ४-५% तफावत काढायला बॅलन्सिंग उत्तम. ६५% हे त्याचं काम नव्हे. बाहेर काढून भरा.

रात्रपाळी
हे पटलं. पण पूर्ण रिकामी करण्याचं मत कायम आहे.

शून्य_ओहम
त्यावर येतो. आधी पूर्ण क्रम लिहितो, एलएफपीच्या आठ सेलच्या मालिकेसाठी. सेल वेगळे असतील तर आकडे बदला, क्रम तोच.

१. सेल बाहेर काढून प्रत्येकावर मार्करने १ ते ८ क्रमांक टाका. हा क्रमांक सेलचा, जागेचा नव्हे. जागांनाही वेगळे क्रमांक द्या.

२. ३.६ व्होल्टची सोय असलेल्या चार्जरवर एकेक सेल पूर्ण भरा. ४.२चा चार्जर एलएफपीला चालत नाही. ताकदीचा, व्होल्टेज-करंट मर्यादा लावता येणारा पुरवठा असेल तर आठही सेल समांतर जोडून ३.६०वर ठेवता येतात. समांतर जोडण्याआधी सगळे ५० मिलीव्होल्टच्या आत आणा, नाहीतर सेलमधून सेलमध्ये मोठा करंट धावतो. समांतर गटाची एकूण क्षमता १४.४ अँपिअर-तास आहे, २ अँपिअरने रिकाम्यापासून भरायला सात तासांहून जास्त लागतील. करंट २००-३०० मिलिअँपिअरच्या खाली गेला की थांबवा. मग दोन-तीन तास तसेच राहू द्या.

३. परत बसवा आणि मशीनला जोडायच्या आधी टोकांवर एकूण व्होल्टेज मोजा. नुकत्याच भरलेल्या आठ सेलचे २७ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. एक सेल उलटा बसला तर एक नव्हे, दोन सेलचा व्होल्टेज कमी होतो: २०च्या आसपास दिसलं तर लगेच थांबा.

४. फर्मवेअरमधली क्षमता तपासा. काही ठिकाणी ती अँपिअर-सेकंदांत असते: १८०० एमएएच म्हणजे १.८ × ३६००, म्हणजे ६४८०. जुन्या सेलसाठी कमी केलेला आकडा राहून गेला असेल तर पुढचं सगळं चुकतं.

५. मशीनमध्ये पूर्ण चार्ज: २८.८ व्होल्टपर्यंत, आणि करंट ९० मिलिअँपिअरवर (क्षमतेचा विसावा भाग) येईपर्यंत. इथे मोजणी १००%ला बांधा. काही फर्मवेअर हे स्वतः करतात.

६. तासभर आराम. मग एकसारख्या लोडवर डिस्चार्ज. क्षमतेचा पाचवा भाग, म्हणजे ३६० मिलिअँपिअर, २५.६ व्होल्टला साधारण ९ वॅट. पडद्याचा उजेड स्थिर, झोप बंद, वायरलेस जसं रोज असतं तसं. पाचेक तास चालेल. दर मिनिटाला वेळ, करंट, मोजलेला एकूण चार्ज आणि सर्वांत खालच्या सेलचा व्होल्टेज फाइलमध्ये लिहा, आणि प्रत्येक ओळीनंतर डिस्कवर सिंक करा, म्हणजे शेवटची ओळ हातात राहील.

७. सर्वांत खालचा सेल २.८ला आला की नीट बंद करा. हार्डवेअरची तोड २.५ला ठेवा, तिथपर्यंत जाऊ देऊ नका. तोवर मोजलेला चार्ज ही तुमच्या पॅकची खरी वापरण्याजोगी क्षमता. तोच आकडा फर्मवेअरमध्ये भरा, वेष्टनावरचा नाही.

रात्रपाळी, म्हणून "पूर्ण रिकामी" म्हणजे शून्य व्होल्ट नव्हे. २.८पर्यंत, पाचव्या भागाच्या करंटने, वर्षातून एक-दोनदा. याने सेलचं काही बिघडत नाही. बिघडतं ते २ व्होल्टच्या खाली नेऊन तसंच ठेवल्याने.

वाटाड्या
क्रमांक ६ मध्ये एक अडचण येते. लिनक्सवर यूपॉवर (बॅटरीवर लक्ष ठेवणारी सेवा) टक्केवारी बघून मशीन बंद किंवा झोपवतं. टक्केवारीच चुकलेली असली की डिस्चार्ज अर्ध्यात तुटतो आणि शिकवणी (पॅकची खरी क्षमता मोजून घेणं) कधीच पुरी होत नाही. चाचणीपुरती ती कृती बंद करा आणि बंद करायचा निर्णय तुमच्या नोंद घेणाऱ्या स्क्रिप्टला सेलच्या व्होल्टेजवरून घेऊ द्या. चाचणी झाली की यूपॉवर पूर्ववत करायला विसरू नका.

शिवाय सिसएफएसमध्ये (लिनक्स हार्डवेअरची माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतं तिथे) पॉवर सप्लायखाली "चार्ज फुल" आणि "चार्ज फुल डिझाइन" असे दोन वेगळे आकडे असतात, मायक्रोअँपिअर-तासांत. ड्रायव्हरने दोन्हीकडे तोच स्थिरांक दिला असेल तर झीज कधी दिसणारच नाही.

मिलीव्होल्ट
शून्य_ओहम यांच्या यादीत एक भर: शंटची दुरुस्ती. सेल बदलताना नेमकं हेच राहून जातं.

दोन चुका असतात. एक ऑफसेट: करंट शून्य असताना दिसणारा आकडा. आयएनए२२६ या करंट मोजणाऱ्या चिपची ऑफसेट मर्यादा १० मायक्रोव्होल्ट. १० मिलिओहमच्या शंटवर ती १ मिलिअँपिअर होते. दिवसाला २४ एमएएच, म्हणजे १८०० वर सव्वा टक्क्याहून जास्त, रोज. दोन आठवडे टोकाला न नेता वापरलं तर वीसेक टक्क्यांची थाप. तशाच आयएनए२६० चिपमध्ये २ मिलिओहमचा शंट आतच असतो आणि सर्वांत लहान पायरीच १.२५ मिलिअँपिअरची, त्यामुळे झोपेतला बारीक करंट त्याला धड दिसत नाही.

दुसरी गेन, म्हणजे करंटच्या प्रमाणात वाढणारी चूक: शंटची १% सहनशीलता, आणि त्याहून वाईट म्हणजे मोजणीच्या तारा शंटच्या पॅडवरून न घेता जाड ट्रॅकवरून घेतल्या तर डाखाचा रोधही मोजला जातो. मल्टिमीटर मालिकेत लावून ०.५ आणि २ अँपिअरला दोन्ही आकडे जुळवा. दोन बिंदूंवरून गेन आणि ऑफसेट दोन्ही सुटतात.

ताळा असा: एलएफपीत जेवढं भरलं त्यातलं ९९%हून जास्त परत मिळतं. म्हणून टोक ते टोक भरताना आणि रिकामं करताना मोजलेले आकडे जवळपास सारखे यायला हवेत. समजा डिस्चार्जमध्ये १७५२ आणि चार्जमध्ये १८४१ आले, दोन्ही मिळून ९ तास. फरक ८९, भागिले ९, म्हणजे जवळपास १० मिलिअँपिअरचा ऑफसेट. तो वजा करा.

वाटाड्या
नाव मिलीव्होल्ट आणि हिशोब मायक्रोव्होल्टपर्यंत! सदस्यनाम बदलायची वेळ आली.

रुईचे_पान
माझ्या यंत्रात एकच पाऊच सेल आहे, ४.२वाला, आणि टक्केवारी दाखवणारी मॅक्स१७०४८ चिप. तिला क्षमता कुठे भरायची?

शून्य_ओहम
कुठेही नाही. त्या चिपला शंटच नसतो. सेलच्या व्होल्टेजवरून आतल्या गणिती नमुन्याने ती टक्केवारी काढते, म्हणून सेलची क्षमता बदलली तरी फारसं अडत नाही. सेल बदलल्यावर लोड काढून, काही वेळ थांबून क्विक-स्टार्ट कमांड (टक्केवारीचा अंदाज नव्याने सुरू करणारी) द्या. लोड चालू असताना दिली तर दबलेला व्होल्टेज खरा धरून ती कमी टक्के सांगेल. अशा चिपला एलएफपी मात्र जोडू नका. सपाट भागात तिला काही कळणार नाही.

तांब्याची_तार
टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या इम्पिडन्स ट्रॅकवाल्या (सेलचा रोध आणि क्षमता शिकत जाणाऱ्या) चिप वापरणाऱ्यांसाठी, उदा. बीक्यू३४झेड१००: तिथे नुसतं भर-रिकामं करून भागत नाही. आधी सेलचा रसायन-क्रमांक, सेलची संख्या, डिझाइन क्षमता, टेपर करंट (इतका उतरला की चार्ज पूर्ण) आणि टर्मिनेट व्होल्टेज (इथे सेल रिकामे धरायचे) भरायचे. मग रिकामं करा, पाच तास आराम, पूर्ण भरा, दोन तास आराम, पाचव्या ते दहाव्या भागाच्या करंटने रिकामं करा, पुन्हा पाच तास आराम. चिपमधला अपडेट स्टेटस हा आकडा ०४ वरून ०५ आणि शेवटी ०६ झाला की शिकवणी पुरी.

आरामाचे तास कापू नका. व्होल्टेज बदलण्याचा वेग सेकंदाला ४ मायक्रोव्होल्टच्या खाली आल्याशिवाय चिप ते वाचन स्वीकारत नाही. ०४ वरच अडकलेली चिप दिसली तर बहुतेक वेळा मशीन आरामात असताना काहीतरी करंट खात असतं.

रुईचे_पान
कंपनीच्या तयार लॅपटॉप बॅटरीतले सेल बदलून हेच करता येईल का?

तांब्याची_तार
बहुधा नाही. तिथली चिप कुलूपबंद असते आणि सेल सोडवताना पुरवठा तुटला किंवा मधल्या तारा चुकीच्या क्रमाने सुटल्या तर कायमच्या बिघाडाची खूण लागते. मग सेल नवे असूनही फेट (पुरवठा जोडणारे-तोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू होत नाहीत. हा विषय वेगळ्या धाग्यावर घेऊ.

घासकागद
सेल हाताळण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. १८६५०चा अख्खा डबा ऋण असतो, धन टोपीच्या भोवतीची कडसुद्धा. टोपी आणि कड यांच्यामध्ये फक्त कागदी वॉशर आणि प्लॅस्टिकचं आवरण. होल्डरमध्ये दाबून बसवताना नेमकं तिथेच आवरण फाटतं आणि धन पट्टी कडेला टेकली की सेल शॉर्ट. आवरणावर ओरखडा दिसला तर नवं चढवा, वॉशर नसेल तर चिकटवा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. सेलवर थेट डाख देऊ नका, पट्ट्या स्पॉट वेल्डने लावा. संरक्षण पट्टी असलेले सेल ६५ मिमीपेक्षा लांब असतात, होल्डरमध्ये कोंबू नका.

चाफा
सगळ्यांचे आभार. तांब्याची_तार यांनी सांगितलं तशी यादी केली: चार्जर थांबताना ते दोन सेल ३.६४ आणि ३.६३, बाकीचे ३.२९ ते ३.३१. निदान बरोबर निघालं. सगळे बाहेर काढून एकेक भरले. क्षमता १८०० आहे हे बघितलं, ऑफसेट वजा केला, डिस्चार्ज चालवला. १५८० एमएएचला थांबला, कारण पाचव्या जागेवरचा सेल २.८ला आला. तेव्हा बाकीचे २.९८ ते ३.०५. हा सेल कमजोर समजायचा का?

घासकागद
लगेच नाही. स्प्रिंगच्या होल्डरमध्ये संपर्काचा रोध २०-३० मिलिओहम सहज असतो, मळला तर जास्त, आणि कंट्रोलर तो सेलच्या व्होल्टेजमध्येच धरतो. पाचव्या आणि दुसऱ्या जागेवरचे सेल अदलाबदल करा. दोष सेलबरोबर दुसऱ्या जागेवर गेला तर सेल कमजोर. पाचव्या जागेवरच राहिला तर होल्डरची पट्टी.

मिलीव्होल्ट
अदलाबदल न करताही कळतं. लोड अचानक कमी-जास्त करून पाचवा किती मिलीव्होल्ट उडी मारतो ते बघा. करंटमध्ये १ अँपिअरचा फरक करून इतर सेल ४० ने आणि हा १२० ने उडाला, तर ८० मिलिओहम जादा रोध. उडी इतरांइतकीच असेल तर क्षमता कमी.

चाफा
उडी इतरांच्या अडीचपट. होल्डरची ती पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून थोडी वाकवून ताण वाढवला. आता उडी सगळ्यांची सारखी. पुन्हा पूर्ण चार्ज करून डिस्चार्ज: १७१० एमएएच, शेवटी आठही सेल ६० मिलीव्होल्टच्या आत. फर्मवेअरमध्ये १७१० भरले. आता बंद होताना टक्केवारी १ दाखवते. हा क्रम पुन्हा किती दिवसांनी करायचा?

शून्य_ओहम
उत्तम आकडा आहे. वरचं टोक दोन-तीन आठवड्यांनी एकदा गाठा: चार्जर स्वतः थांबेपर्यंत लावून ठेवा, म्हणजे मोजणी १००%ला बांधली जाईल आणि बॅलन्सिंगलाही वेळ मिळेल. खालचं टोक वर्षातून एकदा, किंवा बंद होतानाची टक्केवारी १०च्या वर दिसायला लागली तर. महिनाभर बंद ठेवणार असाल तर अर्धी भरून ठेवा आणि परत सुरू करताना आधी पूर्ण चार्ज करा, कारण बंद असताना कंट्रोलर स्वतः जो करंट खातो तो बऱ्याच रचनांत शंटच्या अलीकडून घेतलेला असतो आणि मोजलाच जात नाही.

रात्रपाळी
थंडीत काही वेगळं?

शून्य_ओहम
शून्य अंशाखाली चार्ज करू नका, लिथियम धातूरूपात साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही. ५-१० अंशांना आतला रोध वाढतो, २.८ लवकर येतं आणि क्षमता कमी भासते. तो आकडा फर्मवेअरमध्ये भरू नका. चाचणी २०-२५ अंशांना करा, आणि दोन चाचण्यांची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळचं तापमान नोंदीत लिहा.